कच्चं मडकं आणि टीम लीडर

मित्रांनो, गेल्या सेमिस्टरला कॅम्पस इंटरव्ह्यूच्या तयारीसाठी आपल्याकडे दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं, आठवतंय? टाय कसा बांधायचा, हात कसा मिळवायचा, डोळ्यांत डोळे घालून कसं बोलायचं, ग्रुप डिस्कशनमध्ये आपला मुद्दा कधी घुसवायचा... सगळं झालं. दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, ''तुम्ही टीमचं नेतृत्व केलंय असा एखादा प्रसंग सांगा.'' मी लगेच उठलो. आमच्या प्रोजेक्टची गोष्ट सांगितली, तीही इंग्रजीतून, कुठंही न अडखळता. हळद शिजवायचा छोटा स्टीम कुकर आम्ही कसा बनवला, अडचणी कशा आल्या, मी टीमला कसं 'मोटिव्हेट' केलं, वगैरे वगैरे. टाळ्या पडल्या. सर म्हणाले, ''धिस इज लीडरशिप!''

तिसऱ्या बाकावर आमच्या ग्रुपमधला एक मित्र बसला होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. वहीत काहीतरी रेघोट्या मारत राहिला.

मी सांगितलेली गोष्ट खोटी नव्हती, पण अर्धी होती. उरलेली अर्धी आज इथे लिहितोय. कारण 'नेतृत्वगुण', 'सॉफ्ट स्किल्स', 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट' हे शब्द आपण हल्ली इतके वापरतो, की त्यांचा आणि माणसांचा काही संबंध असतो हेच विसरायला झालंय.

मी वसमत तालुक्यातला. हिंगोली जिल्ह्याबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो, आमच्याकडे हळद म्हणजे लग्नात लावायची गोष्ट नाही. हळद म्हणजे घराचं वर्षाचं गणित. मे-जूनमध्ये लावायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची. पण काढली की झालं असं नसतं. ओली हळद शिजवावी लागते, मग खळ्यावर पंधरा-वीस दिवस वाळवायची, मग ड्रममध्ये घालून पॉलिश करायची, तेव्हा कुठे ती मोंढ्यात जाते. यातलं शिजवणं हे सगळ्यात नाजूक काम. नीट शिजली तर रंग आतपर्यंत सारखा पसरतो, कच्चा वास जातो, वाळायला कमी दिवस लागतात. कमी शिजली तर आतून फिकट राहते, जास्त शिजली तर रंग बिघडतो. पूर्वी मोठ्या कढईत पाण्यात उकळायचे, आता बॉयलरची वाफ ड्रममध्ये सोडतात. वेळ वाचतो, लाकूडही वाचतं.

आमच्या चौघांच्या ग्रुपने ठरवलं, की छोट्या शेतकऱ्याला परवडेल असा दोन ड्रमचा कुकर बनवायचा आणि त्यात तापमान दाखवणारा डिस्प्ले बसवायचा. म्हणजे अंदाजाचं काम संपलं! ग्रुप लीडर अर्थातच मी. 'अर्थातच' का, तर माझे मार्क जास्त होते आणि मी जास्त बोलायचो. आपल्याकडे लीडर ठरवायची पद्धत एवढीच आहे.

चाचणीसाठी मामाचं शेत ठरलं. मामाने दहा क्विंटल ओली हळद आमच्या हवाली केली. ड्रम भरायच्या आधी तो मित्र म्हणाला, ''गड्डे आणि हळकुंडं वेगळी करू या. गड्ड्याला जास्त वेळ लागतो.'' तो सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरचा. त्याचे आईवडील दर हंगामात हळद काढायच्या आणि शिजवायच्या कामावर जातात, लहानपणापासून तोही त्यांच्याबरोबर गेलेला. म्हणजे आम्हा चौघांत प्रत्यक्ष हळद शिजवलेला माणूस तो एकटाच. आणि मी काय म्हणालो? ''अरे, ही काय तुझ्या तांड्यावरची कढई आहे का? डिस्प्ले आहे ना समोर!''

बाकीचे दोघे हसले. तोही थोडा हसला. त्यानंतर दिवसभर तो काही बोलला नाही. सांगेल तेवढं काम करत राहिला.

डिस्प्लेवर तापमान हवं तेवढं आलं, मी घड्याळ लावलं, वेळ झाल्यावर वाफ बंद केली. मामाकडे कामाला येणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांनी वरचा एक गड्डा उचलला, त्यात काडी खुपसून बघितली आणि म्हणाल्या, ''बाबू, आतून कच्चीच हाय बघ. अजून दम लागतो तिला.'' मी त्यांना थर्मोकपल म्हणजे काय ते समजावून सांगितलं! त्यांनी ऐकून घेतलं. पदराला हात पुसला आणि दुसऱ्या कामाला गेल्या.

पुढे काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. थर्मोकपल आम्ही वाफेच्या नळीच्या तोंडाशीच बसवलं होतं. तिथे तापमान बरोबर होतं. ड्रमच्या मध्यभागी, जिथे जाडजूड गड्डे दाबून भरले होते, तिथे वाफ नीट पोचलीच नव्हती. आणि आम्ही गड्डे-हळकुंडं एकत्र भरल्यामुळे एकाच ड्रममध्ये काही माल जास्त शिजलेला, काही कच्चा. वाळून झाली दोन क्विंटलच्या आसपास. मोंढ्यात व्यापाऱ्याने एक हळकुंड मोडून बघितलं, मग एक गड्डा फोडून बघितला, आणि बाकीच्या मालापेक्षा क्विंटलमागे बाराशे रुपये कमी लावले.

अडीच हजाराच्या आत-बाहेरचं नुकसान. मामा बुडाला नाही. पण संध्याकाळी त्याने विचारलं, ''काय चुकलं रे?'' तेव्हा मी म्हणालो, ''ड्रम भरताना गडबड झाली. त्यानं भरले होते.''

हे खरं होतं. ड्रम त्यानेच भरले होते, मी सांगितले तसे.

ट्रेनिंगमध्ये सांगितलेल्या इंग्रजी गोष्टीत हा भाग नव्हता. आणि तिसऱ्या बाकावरच्या मित्राला तो पाठ होता.

त्या दिवसानंतर मी लायब्ररीत मॅनेजमेंटचं एक पुस्तक काढून बसलो. (आपल्याकडे इंडस्ट्रियल मॅनेजमेंटचा पेपर आहे आणि तो आपण सगळे परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतो. मीही तसाच वाचला होता.) त्यात रॉबर्ट काट्झ नावाच्या अमेरिकन माणसाचं नाव आहे. त्याने 1955 साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त लेख लिहून मांडलं, की माणसांकडून काम करवून घेणाऱ्याला तीन प्रकारची कौशल्यं लागतात: तांत्रिक, मानवी आणि संकल्पनात्मक. खालच्या पातळीवर तांत्रिक कौशल्य जास्त लागतं, वर जाल तसं संस्थेकडे एकत्रितपणे बघायचं कौशल्य जास्त लागतं, पण मानवी कौशल्य मात्र सगळ्याच पातळ्यांवर लागतं. हा तक्ता आपण पाच मार्कांसाठी काढतो. पण काट्झने आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत, त्या आपल्या गाईडमध्ये नाहीत. एक, हे गुण जन्मजात नसतात, ते कमावता येतात. आणि दोन, मानवी कौशल्य हे प्रसंगापुरतं अंगावर चढवायची गोष्ट नाही, ते माणसाच्या रोजच्या वागण्यात असावं लागतं. म्हणजे टाय बांधल्यासारखं ते इंटरव्ह्यूच्या सकाळी बांधता येत नाही!

माझा आक्षेप नेमका इथे आहे. आपल्याला जे शिकवलं जातं ते बोलण्याचं कौशल्य. मानवी कौशल्यातला मोठा हिस्सा मात्र ऐकण्याचा आहे, आणि तोसुद्धा आपल्यापेक्षा 'खालचं' समजल्या जाणाऱ्या माणसाचं ऐकण्याचा. ग्रुप डिस्कशनमध्ये गप्प बसणाऱ्याला शून्य मार्क मिळतात, म्हणून आपण सगळे एकदम बोलायला लागतो. तो गप्प का आहे, हे विचारणाऱ्याला मार्क द्यायची सोयच नाही.

विचार करा, उद्या आपण कुठे जाणार आहोत? कोणी चाकणला, कोणी वाळूजला, कोणी एखाद्या साखर कारखान्यावर ट्रेनी म्हणून लागेल. बावीसाव्या वर्षी आपल्या हाताखाली असा ऑपरेटर असेल, ज्याने आपल्या जन्माआधीपासून लेथ चालवलंय. मशीनच्या आवाजावरून बेअरिंग जाणार हे त्याला आठ दिवस आधी कळतं. पण ते तो आपल्याला सांगेल का? पहिल्याच दिवशी आपण त्याला ''ए, इकडे ये'' म्हणालो असू, तर का सांगावं त्याने? बेअरिंग गेलं तर जाब इंजिनीअर साहेबाला विचारणार आहेत! ''अहो काका, हा आवाज कसला वाटतो तुम्हाला?'' एवढं विचारायला किती वेळ लागतो? आपल्याला ते कमीपणाचं वाटतं. कारण आपल्याला वाटतं, की न विचारता सगळं कळणारा तो लीडर.

मराठी माणसाच्या कारखानदारीतलं एक उदाहरण मला यासाठी फार जवळचं वाटतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. मुंबईत व्हीजेटीआयमधली शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावला आले, सायकलींचं दुकान चालवलं आणि मग लोखंडी नांगर बनवला. नांगर चांगला होता. पण शेतकरी म्हणायचे, लोखंडाने जमीन विषारी होते. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. जरा कल्पना करा, आपल्यापैकी एखादा असता तर पहिल्या महिन्यातच 'हे लोक अडाणी आहेत' म्हणून मोकळा झाला असता आणि पुण्याला गेला असता. ते थांबले. पुढे 1910 मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली (हे औंध साताऱ्याकडचं संस्थान, आपलं औंढा नव्हे!) आणि कुंडल स्टेशनजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथे त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना चक्क रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. ज्याला गाव दारात उभं करत नाही, त्याच्या हाती कारखान्याची राखण! हे कौशल्य कुठल्या वर्कशॉपमध्ये शिकवतात?

दुसरी गोष्ट तर आपण सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलीय, की सांगायलाही संकोच वाटतो. 10 ऑगस्ट 1979 रोजी एसएलव्ही-3 चं पहिलं उड्डाण फसलं. प्रकल्पप्रमुख होते अब्दुल कलाम. पत्रकारांसमोर मात्र इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी घेतली. 18 जुलै 1980 ला उड्डाण यशस्वी झालं, तेव्हा पत्रकारांसमोर त्यांनी कलामांना पाठवलं. दहावीत ही गोष्ट मी वक्तृत्व स्पर्धेत हातवारे करून सांगितली होती, बक्षीसही मिळालं होतं. आणि मामाच्या खळ्यावर, अडीच हजार रुपयांच्या हळदीसाठी मी काय केलं? अपयश त्याच्या नावावर आणि टाळ्या माझ्या नावावर. नेमकं उलटं! गोष्ट पाठ असणं वेगळं आणि ती अंगात असणं वेगळं, हे मला तेव्हा उमगलं.

खरं तर एवढं लांब जायची गरजही नव्हती. आपल्या जिल्ह्यातल्या नर्सीचे संत नामदेव. त्यांची गोष्ट आमच्या आजीने मला शंभरदा सांगितली असेल. संतमंडळी तेरला गोरोबाकाकांकडे जमली होती. मुक्ताबाई म्हणाल्या, काका, यातली मडकी पक्की कोणती आणि कच्ची कोणती ते बघा. गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर हाणत गेले. बाकी सगळे मुकाट बसले, नामदेव मात्र चिडले. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं आहे. सगळ्यांसमोर! नामदेव म्हणजे विठ्ठलाचे लाडके. विठ्ठल त्यांच्याशी बोलतो असं लोक मानायचे. तक्रार घेऊन ते थेट पांडुरंगाकडे गेले, तर देवही म्हणाला, बरोबर आहे त्यांचं, तू गुरू कर. मग ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे आले. बघतात तर हा माणूस पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. नामदेवांनी हटकलं. विसोबा म्हणाले, जिथे पिंड नाही तिथे माझे पाय उचलून ठेव बाबा. नामदेव पाय उचलून जिथे ठेवायला जातील तिथे पिंड.

चमत्कार खरा की खोटा या वादात मला पडायचं नाही, आपण इंजिनीअर लोक आहोत. मला त्यातला माणूस दिसतो. भर सभेत 'तू कच्चा' असं ऐकून घेतलेला, आधी रागावलेला, आणि राग ओसरल्यावर तंगडतोड करत औंढ्यापर्यंत शिकायला आलेला. आणि पुढे? हाच माणूस पार पंजाबात गेला. तिथल्या लोकांत राहिला, त्यांना समजेल अशा भाषेत बोलला. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत, घुमानला त्यांचं स्थान आहे. 2015 साली आपलं मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं ते त्यामुळेच. नर्सीतल्या शिंप्याच्या मुलाला परक्या मुलखातल्या माणसांनी आपलं म्हटलं, सातशे वर्षं झाली तरी म्हणतात. त्याच्याकडे तर कसलंच पद नव्हतं.

मला वाटतं, कामाच्या ठिकाणी आपल्यातल्या बहुतेकांची खरी परीक्षा थापटणं डोक्यावर बसतं त्याच क्षणी होते. ज्युनिअरने सगळ्यांसमोर चूक दाखवली, कामगाराने ''साहेब, हे असं नाही होत'' म्हटलं, की आतून जे उसळतं ना, त्याचं आपण काय करतो? मी थर्मोकपलवर भाषण दिलं होतं.

या सगळ्याची आपल्या जिल्ह्याला येत्या काळात फार गरज पडणार आहे, असंही मला वाटतं. औंढा तालुक्यात 'लायगो-इंडिया' होणार हे आपण अभिमानाने सांगतो. एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारने सुमारे 2600 कोटींना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, काटकोनात. अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी मोजायच्या, आणि ते यंत्र इतकं हळवं, की बाजूच्या रस्त्यावरून ट्रक गेला तरी त्याला कळावं. अमेरिकेत लुइझियानातल्या लायगोला सुरुवातीच्या वर्षांत आसपासच्या लाकूडतोडीचा आणि आगगाड्यांचा चांगलाच त्रास झाला होता. म्हणजे उद्या औंढ्यात जो कोणी इंजिनीअर काम करेल, त्याला लेसर कळून भागणार नाही. शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याशी, ट्रॅक्टरवाल्याशी त्याचं बोलणं हवं. आणि पहिली गुरुत्वीय लहर सापडली त्या 2016 च्या शोधनिबंधावर हजाराहून जास्त जणांची नावं आहेत. हजार! आम्हाला चौघांना एक ड्रम नीट भरता आला नाही.

असो. ट्रेनिंगनंतर चार दिवसांनी मी त्या मित्राच्या रूमवर गेलो. तो स्टोव्हवर खिचडी टाकत होता. मी बरंच काही बोललो, तयारी करून गेलो होतो. माफी मागितली. तांड्यावरून जे बोललो होतो त्याची तर विशेष. त्याने सगळं ऐकलं. मग एवढंच विचारलं, ''मामाला सांगितलंस का?''

नव्हतं सांगितलं. मला वाटलं होतं, त्याची माफी मागितली की विषय संपतो.

त्या शनिवारी एस.टी.ने गावी गेलो आणि मामाला सांगितलं. तो गोठ्यात होता. ऐकून थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ''त्या पोराला मी नाव ठेवलं ना रे घरात. तुझ्या मामीलाही सांगितलं मी.'' आणि पुन्हा थोड्या वेळाने, ''बोलाव त्याला हंगामात. गड्ड्याला किती वेळ, हळकुंडाला किती, ते लिहूनच घेऊ.'' मावशींना मी अजून भेटलेलो नाही, त्या तेव्हा कापसाला गेल्या होत्या.

ड्रमचं नवं ड्रॉईंग आता त्या मित्राकडे आहे. थर्मोकपल एकाऐवजी तीन ठिकाणी, त्यातलं एक बरोबर मध्यभागी. गड्ड्यांचा ड्रम वेगळा. झाकणाला एक छोटं भोक ठेवायचं, काडी घालून बघता येईल असं, ही कल्पना त्याची. मार्गदर्शक सरांना ती फार आवडली. रिपोर्टवर पहिलं नाव त्याचं टाकायचं असं मी सुचवलं, तर म्हणाला, ''नावाचं नंतर बघू, आधी शिजू दे.'' फेब्रुवारीत मामाच्या शेतावर येशील का, असंही विचारलं. त्यावर अजून तो 'बघू' एवढंच म्हणालाय.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी